माझा वावर, माझं वावर

माझ्यासाठी कोर्टात जामीन राहिल्या त्या वाशीमजवळच्या एका भाजीमळ्याच्या मावशी. नाव घातलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून घालत नाही. पण आधी त्या, मग माझी हकीकत.

मी कोकणातला. चौथीत शाळा सुटली आणि पोटामागे फिरत फिरत वाशीमच्या एका जिनिंगमध्ये कापूस उचलायला लागलो. तिथे माझ्या बोलण्याची रोज नक्कल व्हायची. एकदा हात उचलला गेला, एकाचं डोकं फुटलं. पहिलाच गुन्हा म्हणून मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडलं. त्या वर्षात पुन्हा काही केलं तर मुचलका रद्द आणि तुरुंग. जामीन राहायला मला होतं कोण? जिनिंगच्या दारात भाजी विकणाऱ्या मावशी पुढे आल्या. "माह्या मळ्यात कामाले राहू द्या साहेब, नजरेसमोर राहते तो," म्हणाल्या.

पावसाळा, हिवाळा बरा गेला. उन्हाळ्यात मावशींची विहीर आटली, तेव्हा मी शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणू लागलो. त्या विहिरीवरचा मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, चोरीला गेला आणि पोलीस जमादार सरळ माझ्याकडे आले.

"तिकडं जातं का तू?"

"होय. पाण्यासाठी माझा तिकडे वावर असतो."

जमादारांनी मान डोलावली आणि गेले. मला वाटलं, सुटलो. मग समन्स आलं, मुचलका रद्द का करू नये म्हणून.

मावशींचे दीर म्हणाले, "दुसऱ्याच्या पोट्ट्यापायी कोर्टकचेरी कायले करून राह्यली, वैनी? काढून घे जामीन."

मावशी वांगी तोडत होत्या. "वांगं किडकं हाये का नाही, ते कापल्यावर दिसते. याले कुठं कापलं अजून?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाडा नेला का तू?"

"नाही, मावशी."

"मंग तेच सांगजो. रडायचं नाही."

 तारखेआधी पळून गावी जावं असं वाटलं. पण मी पळालो की सगळं मावशींवर येणार. ते होऊ द्यायचं नाही, एवढं पक्कं केलं.

कोर्टात जमादार म्हणाले, "साहेब, नाडा गेला तिथं माझं वावर हाये, असं यानं मले खुद्द सांगतलं. याच्या नावावर इथं ढेकूळभर माती नाही. चोरी नसती केली त खोटं कायले बोलला असता?"

तेव्हा उमगलं. वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. मावशी रोज "वावरात जाय" म्हणायच्या आणि मी जायचोही. पण जमादारांना बघून घाबरलो आणि तोंडात घरचा शब्द आला.

मी पुढे होऊन बोललो. "साहेब, मी माझा वावर म्हणालो. आमच्याकडे वावर म्हणजे येणंजाणं. माझं वावर असं मी म्हणालो नाही."

साहेबांनी विचारलं, "जमादार, माझा म्हणाला की माझं?"

जमादारांनी टोपी सारखी केली. "माझा म्हणला, साहेब. पण याच्या बोलण्याले कुठं धड वळण हाये? मले वाटलं, चुकला असंल."

कोर्ट हसलं. साहेबही हसले असावेत. मग विचारलं, नाडा याच्याकडे सापडला का? नव्हता सापडला. नेताना कुणी पाहिलं का? नाही. संशय उभा होता तो त्या एका शब्दावर. साहेबांनी मुचलका कायम ठेवला.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "आता येण्याजाण्याले येणंजाणंच म्हणत जाय. नाही त मुका राह्य."

त्या मुचलक्याचं वर्ष कधीच सरलं. मी अजून त्यांच्याच मळ्यात आहे, आणि विहीर अजून उन्हाळ्यात आटते. खाली खडक आहे, म्हणतात. असू दे. मावशी, एक दिवस ती विहीर मी स्वतः खोल खणून देईन. तुमच्या मळ्यातल्या कुणालाही पाण्यासाठी दुसऱ्याच्या वावरात जावं लागणार नाही.