वीतभर कमी पडलेली सावली

विनोदिनीबाई आमच्या शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. मी गणित शिकवायचो. रायपूरच्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या बायका त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावताना कचरायच्या, कारण तिळगूळ तोंडात टाकून बाई हटकून म्हणायच्या, "गोड बोलीन, पण खोटं नाही बोलणार. सूर्य बावीस डिसेंबरलेच वळला."

रायपूर राजधानी झालं आणि जो तो उद्घाटनांच्या मागे लागला. आमच्या संस्थेचे सचिव बाबाराव कसे मागे राहतील? शाळेच्या पटांगणात दहा फुटी खांब उभारायचा आणि सूर्य उत्तरेकडे वळतो त्या दिवशी दुपारची, वर्षातली सगळ्यात लांब सावली जिथवर जाते तिथे फरशीवर रेघ कोरायची, असं ठरलं. बाईंनी बावीस डिसेंबरला भर दुपारी खडूनं रेघ ओढली, नत्थू मिस्त्रीनं ती दुसऱ्या दिवशी येऊन छिन्नीनं कोरली. इथवर सगळं ठीक होतं.

मग बाबारावांनी रेघेखाली परस्पर लिहवून घेतलं, 'उत्तरायण, १४ जानेवारी'. पाहुणे संक्रांतीला येणार होते ना! बाई तडक ऑफिसात गेल्या. मीही सोबत होतो.

"तारीख बदला, भाऊ. त्या दिवशी सावली रेघेपर्यंत येणारच नाही."

"बाई, आमच्या आजापासून सूर्य संक्रांतीलेच फिरून राहिला. तुम्हाले काहून खटकते?"

"फिरत होता, सतराशे वर्षांपूर्वी. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलते. एक डोल पुरा व्हायले सव्वीस हजार वर्षं लागतात. संक्रांत आपण ताऱ्यांवरून धरतो, अन् सूर्य वळते तो या आसाच्या कलण्यानं. म्हणून बहात्तर वर्षांत एक दिवस, असं करत करत तेवीस दिवसांचं अंतर पडलं."

"सव्वीस हजार वर्षं पाहाले कोण बसलं आहे?" बाबाराव हसले. वा रे शहाणे! पृथ्वीनं डोलण्याआधी यांच्या कार्यकारिणीची मंजुरी घ्यायला हवी होती.

चौदा जानेवारीला पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. बारा वाजून बारा मिनिटांनी सावली रेघेच्या अलीकडे वीतभर थांबली. आठवीतली रुचिता मोठ्यानं म्हणाली, "सर, छाया तो पहुँची ही नहीं!" बाबारावांनी माईक घेतला आणि निर्लज्जपणे जाहीर केलं की भूगोलाच्या बाईंचं मोजमाप चुकलं. दुसऱ्याच दिवशी वीतभर आत नवी रेघ कोरली गेली. जुनी सिमेंटनं बुजवली.

एवढ्यावरही भागलं नाही. 'मोजमापात माझी चूक झाली' अशा कागदावर सही करा, नाहीतर नोकरी सोडा, असं बाईंना सांगण्यात आलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांची मुलगी मंजिरी विनवत होती, "आई, साइन कर दो ना. क्या फ़र्क़ पड़ता है?"

"पुढच्या डिसेंबरात पोरांनी सावली मोजली, तर मी त्यांले काय सांगू?" बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर लिहिलं, 'रेघ बरोबर होती. तारीख चूक आहे.' आणि खाली ठसठशीत सही केली.

त्यांना काढलं. चौकशीच्या अहवालात लिहिलं की बाईंनी मोजलं तेव्हा जे हजर होते, त्यांनीही चूक मान्य केली आहे. हजर एकच माणूस होता. बावीस डिसेंबरला टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं, आणि त्या अहवालावर सही माझी आहे.