बर्फ तापवणारे सर

दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीतून बर्फाची लादी जायची. पोत्यात गुंडाळलेली, सरांच्या सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेली. परभणीच्या उन्हाळ्यात कुणाकडं मयत झाली, की लांबचे नातेवाईक येईपर्यंत प्रेताजवळ ठेवायला लादी आणतात. त्यामुळं नवखा माणूस हळूच विचारायचा, "कोन गेलं, सर?" सर मनापासून हसायचे. "कोनी न्हाई. तापवायला न्यायलोय!"

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा अमेरिकेत. त्यानं पाठवलेल्या मायक्रोवेव्ह भट्टीत सरांनी कधी चहासुद्धा गरम केला नाही. समुद्राच्या तळाखाली बर्फासारख्या खड्यांत जळाऊ वायू कोंडलेला असतो, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि गडी झपाटला. कमीत कमी विजेत ते खडे वितळवून वायू कसा मोकळा करायचा, एवढंच डोक्यात. खरे खडे परभणीत कुठून येणार? म्हणून त्या भट्टीत साधा बर्फ. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद असलं की लादी मिळत नसे. मग दिवसभर अंगणात येरझारा.

मी शेजारचा, मराठीचा मास्तर. घड्याळ बघून वहीत वेळ लिहिण्याचं काम माझ्याकडं.

"गुरुजी, सारखी आच दिली की वितळलेलं पानीच ती आच पिऊन टाकतं. आतला बर्फ तसाच ऱ्हातो. थोडं द्यायचं, थांबायचं, पानी निथळू द्यायचं, मग पुन्हा."

"तुमच्या लेकाच्या पत्रांसारखं," मी एकदा चिडवलं. सर हसले नाहीत. त्या दिवशीच्या नोंदी अर्ध्यावर राहिल्या. ती थट्टा मला अजून बोचते.

निकाल कुठं तरी छापायला पाठवा म्हटलं, की एकच उत्तर असायचं, "आधी पोरगं बघू द्या." पोरगं दर वर्षी येणार असायचं.

एका वैशाखात सर अंगणातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मुलाला यायला दोन दिवस लागणार होते. सरांचीच सायकल घेऊन मी बर्फाच्या कारखान्यावर गेलो. तिथला माणूस लादीला पोतं गुंडाळत म्हणाला, "आज रविवार न्हाई की, गुरुजी. सरांना लय घाई झाली काय?" मी सुतळी घेऊन लादी कॅरिअरला बांधायला लागलो.

दहाव्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा लादी आणायला गेलो. सरांचा प्रयोग मला त्यांच्या मुलाला दाखवायचा होता. परतताना तो मागून लादीला हात लावून चालत होता. गल्लीतले लोक दारात उभे होते. त्या दिवशी कुणीच काही विचारलं नाही.