आईच्या राईतला पावणा

त्या वर्षी मी आईशी बोलणं टाकलं होतं. आई म्हणजे आमच्या डोंगरातली देवी. घोडेगावाहून एसटीने वर आलं की शेवटच्या थांब्यावरून तिची राई दिसते. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. आणि गावाने ठरवलं काय, तर तीच राई तोडून सभामंडप बांधायचा! गावात फोन यायच्या आधीची ही गोष्ट. पुढाकार माझ्या धाकट्या दिरांचा, भाऊजींचा होता.

आईला कौल लावला. देवीला दोन्ही बाजूंना फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. पुन्हा लावला, पुन्हा डावं. तिसऱ्यांदा उजवं पडलं आणि लगेच ढोल वाजला! हा कौल म्हणायचा की जबरदस्ती? मी तोंड उघडलं, तर भाऊजी म्हणाले, "वैनी, देवीनं दिलं न्हवं? मग तुमचं काय मधी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भाऊजींपेक्षा जास्त राग आला तो आईचा. गाभाऱ्यात जाऊन मी तिला सुनावलं, "तुझ्या अंगावरचं लुगडं फेडायला निघालेत आणि तू नुसती बघत बसलीस? आजपासून तुझं नि माझं काही नाही." हात न जोडताच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाले आले. नारळ फुटला. पहिल्या हिरड्याला दोर बांधला, तेवढ्यात वरच्या फांदीवर एक पाखरू गाऊ लागलं. चिमणीएवढंच, छातीवर शेंदूर सांडल्यासारखं. गळा असा की करवतवालाही मान वर करून उभा राहिला. जन्म डोंगरात गेला आमचा, पण असं पाखरू कुणी पाहिलं नव्हतं. शेकरू बघायला आलेला पुण्याचा एक माणूस गळ्यात दुर्बीण घालून वाटेने चालला होता. तो धावतच आत आला. दुर्बीण डोळ्याला लावून त्याने पाखरू नीट न्याहाळलं. मग म्हणाला, "हे थंड मुलखातलं पाखरू. हिवाळ्यात फार तर उत्तर हिंदुस्थानापर्यंत उतरतं, इकडे येत नाही. वाट चुकलंय बिचारं."

भाऊजी दोराकडे बघत राहिले. "सोडा रं त्यो दोर," ते म्हणाले. "पावणं दारात आन आमी घर मोडायचं? आसं कुटं आसतं व्हय?"

शिमग्याच्या आत पाखरू निघून गेलं. मला पुन्हा धास्ती बसली, आणि रागही होताच. मी घसा फोडला तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही, आणि पाखराचं मात्र लगेच ऐकलं! पण मंडपाचे खड्डे खणले ते राईबाहेरच्या माळावर. न राहवून मी भाऊजींना विचारलं, "पावणं तर गेलं की. मग आता?"

"आन फुडल्या साली आलं, तर उतरंल कुटं?"

मी तशीच राईत गेले. आईला म्हटलं, "भांडले त्याचा मला पस्तावा नाही. पण तू माझ्याच तोंडून बोलावंस असा हट्ट धरून बसले होते, तो सोडला." मग डोकं टेकलं आणि पोटभर रडले.