अन्य कोणीही वारस नाही

मलकापुरात मी घरांच्या खरेदी-विक्रीची वकिली करते. तेच ते प्रश्न ऐकून मला कंटाळा येत नाही, राग मात्र येतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हातात असला की घर आपलंच, असं समजून माणसं निर्धास्त असतात. तो कराचा कागद आहे, मालकीचा नाही, हे मी सांगत राहते. नोटरीपुढच्या लिखापढीनं घर नावावर होत नाही, रजिस्ट्री लागते, हेही सांगते. आणि वडिलांच्या माघारी घर विकायला निघालेल्या भावांना विचारते, बहिणींच्या सह्या कुठे आहेत? तिला काही नको, ती सासरी सुखात आहे, हे उत्तर ठरलेलं असतं. हे तिनं सांगितलं की तुम्हीच ठरवलं, असं विचारलं की समोरचा पंख्याकडे पाहायला लागतो.

गेल्या हिवाळ्यात एक शिक्षक आले. त्यांची बदली पिंपळगाव राजाला झाली होती आणि तिथं एक घर त्यांना पसंत पडलं होतं. इसार देण्याआधी कागद दाखवून घ्यावेत, एवढं शहाणपण त्यांच्याजवळ होतं. असा माणूस दिसला की मला बरं वाटतं, म्हणून मी लगेच फाईल उघडली. मी आधी चतुःसीमा वाचते, मग बाकीचं. पूर्वेस पिठाची गिरणी, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस मारुतीचं देऊळ. मालकाच्या नावापर्यंत जायची गरजच उरली नाही. ते माझ्या वडिलांचं घर होतं.

वडील वारले, मृत्युपत्र त्यांनी केलं नव्हतं. म्हणजे आई, भाऊ आणि मी, तिघांचा हक्क सारखा. फाईलमध्ये आईचं आणि भावाचं शपथपत्र होतं. त्यात लिहिलं होतं, मयतास वरील दोघांव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही. मी ती ओळ पुन्हा वाचली. इतक्या वर्षांत अशा ओळी मी कितीतरी पकडल्या होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या घरच्या.

शिक्षकांना मी स्पष्ट सांगितलं की हे काम मला घेता येणार नाही, दुसरा वकील पाहा आणि तूर्त इसार देऊ नका. या घराला एक मुलगीही आहे, आणि ती मीच. माझं सासरचं आडनाव वेगळं असल्यामुळे त्यांना हे कळायचं कारण नव्हतं. बिचारे इतके ओशाळले की चहाही अर्धाच पिऊन उठले.

भावाला फोन केला. तो लोभी नाही, दरवर्षी तुरीची डाळ न सांगता पाठवतो. पण फोनवर मी त्याला बोलूच दिलं नाही. खोटी शपथ म्हणजे काय, उद्या त्या शिक्षकाच्या गळ्यात किती वर्षांची केस पडली असती, सगळं सुनावलं. माझा दम संपल्यावर तो म्हणाला, "मायनं नाई म्हटलं. लेकीच्या दारी मागाले जायचं नाई म्हणे."

हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आई माझ्याकडे येते ती स्टँडवरून पाण्याची बाटली घेऊन. सही मागणं म्हणजे तिच्या लेखी लेकीपुढे हात पसरणं होतं. त्यापेक्षा लेकीला कागदातून वगळलेलं बरं, असा तिचा हिशेब.

रविवारी पिंपळगावला गेले. आई म्हणाली, तुले काय कमी हाये, कायले त्रास द्यायचा. मी ती ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "माय, मांगितलं असतं त मी देणारी झाली असती. तुम्ही त मले कागदावर जन्मालेच नाई घातलं."

आई भावाकडे वळली. "असं लिवलं होतं?" तिला कोणी ते वाचून दाखवलंच नव्हतं. ती उठून आत गेली.

पुढचं सगळं मी नियमाप्रमाणे करून घेतलं. नवं शपथपत्र झालं आणि शिक्षकांच्या खरेदीखतात विकणारे म्हणून तिघांची नावं आली. हक्कसोड मी केली नाही. हिस्सा घेतलास काय, असं नात्यातल्या बायका अजून कुजबुजत विचारतात. घेतला, आणि मी ते कुजबुजत सांगत नाही. डाळ यंदाही आली.

रजिस्ट्रीच्या दिवशी खामगावला निबंधक कार्यालयात साहेबांनी आईला नेहमीचा प्रश्न विचारला, सही राजीखुशीनं करताय ना? हो म्हटलं की काम संपतं. आई हो म्हणाली, पण खुर्चीवरून उठली नाही. साहेब पुढचा कागद ओढत होते. तिनं माझ्या दंडाला धरून मला टेबलाजवळ घेतलं आणि कोणी न विचारता सांगितलं, "साहेब, मले दोन लेकरं हायेत. हे पोरगी मोठी."