आपांच्या कवितांना घाई नव्हती

आपांना कुणी काही वाचून दाखवायला बसलं, की त्या आधी चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या, मग ओटीवरच्या खांबाला पाठ टेकायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, बाई झोपल्या. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत थांबायचा. डोळे न उघडताच आपा म्हणायच्या, "माका झोप लागाक नाय. तू वाच." तो पुन्हा वाचू लागायचा. मध्येच कुठेतरी आपा डोळे उघडायच्या आणि नेमक्या त्या वाक्यापाशी त्याची जीभ अडखळायची. त्या म्हणायच्या, "ह्या वाक्य तुझा न्हय. खंयसून हाडलंस?" आणि खरंच, ते कुठूनतरी आणलेलंच असायचं.

आचऱ्याला खाडीच्या अंगाला त्यांचं घर. नवरा आखातात नोकरीला गेला आणि तिकडेच वारला. मुलीचं लग्न होऊन ती पनवेलला गेली. आपा शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी रविवारची दुपार लिहिणाऱ्यांना देऊन टाकली. मी मसुऱ्याहून यायची. कुणी दुकान बंद करून यायचं, कुणी बागेतल्या कामातून हात धुऊन. माडांच्या सावल्या ओटीवर सरकत असायच्या, भरतीचं पाणी कधी चढायला लागायचं कळायचं नाही, आणि कुणाच्या तरी कथेतली म्हातारी आम्हां सगळ्यांमध्ये येऊन बसलेली असायची. त्या दुपारी आठवताना आजही मला नक्की सांगता येत नाही, की अमुक गोष्ट घडली होती की कुणीतरी वाचली होती.

"लिवणाऱ्यान एकटा रवाचा न्हय," आपा म्हणायच्या. "एकट्यान लिवला की माणूस आपल्याच प्रेमात पडता."

माझ्या कथा शहरातल्या एका प्रकाशकाकडून परत आल्या, तेव्हा मी लिहिणं सोडायला निघाले होते. कथा चांगल्या आहेत, पण संवाद शुद्ध मराठीत करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मी दोन कथा तशा करूनही टाकल्या. आपांनी त्यातली अर्धी ऐकली आणि विचारलं, "तुझी आवस कधी शुद्ध मराठीत रडली काय गो?" माझी आई रडायची ती मालवणीतच. पुढच्याच आठवड्यात त्या माझ्याबरोबर एसटीत बसल्या आणि आम्ही कणकवलीला गेलो. तिथे एक गृहस्थ वर्षाला एखाददुसरंच पुस्तक काढायचे, पण जीव लावून काढायचे. आपांनी त्यांना माझी मूळ कथा तिच्या मालवणी संवादांसकट स्वतः वाचून दाखवली. माझं पहिलं पुस्तक असं आलं.

त्याच गृहस्थांनी पुढे आपांच्या कविता मागितल्या. आपा कविता लिहितात एवढंच आम्हाला ठाऊक होतं, ऐकल्या कुणीच नव्हत्या. दुसऱ्याचं ऐकण्यात त्यांची दुपार संपून जायची. आता पावसाळ्यानंतर पुस्तक निघणार म्हणून आम्ही हरखलो. आणि तेवढ्यात आमच्या रविवारच्या मंडळींतल्या भाईंना अर्धांगाचा झटका आला.

भाई मिठबावचे. तरुणपणी मंगळुरी कौलं वाहणाऱ्या गलबतावर खलाशी होते. म्हातारपणी ते समुद्रावरच्या आठवणी लिहायला लागले होते. पुस्तक निम्मं झालं होतं. झटक्याने उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत नुसते पडून होते. घरी पोचताच त्यांनी कणकवलीला फोन लावला.

"माझ्या कवितांका घाई नाय. भाईंचा पुस्तक आधी येवंदे."

"पण आपा, ते तर अर्धंच आहे," पलीकडून प्रकाशक म्हणाले.

"उरलेला आमच्या कानात आसा."

खरंच होतं ते. भाईंनी सगळ्या गोष्टी आम्हाला ओटीवर सांगितल्या होत्या. आम्ही त्या वाटून घेतल्या, आठवून लिहिल्या आणि रविवार मिठबावला हलवला. एकेक प्रकरण भाईंना वाचून दाखवायचं. पटलं तर ते मान हलवायचे, नाही पटलं तर डावा हात झटकायचे. कौलं, बंदरं, गलबत हाकणारा आजारी तांडेल, सगळं पार पडलं. अडलं ते वादळाच्या प्रकरणात. भर तुफानात भाईंनी डोलकाठीवर चढून शीड कापलं होतं. ते आम्ही तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं, आणि भाईंनी तिन्ही वेळा हात झटकला. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्ही रडकुंडीला आलो.

आपा त्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. "आमी सगळे शूर भाई लिवतंव," त्या आम्हाला म्हणाल्या. "ह्यात माणूस खंय आसा?" मग वाकून त्यांनी हळूच विचारलं, "भाई, तुमी भियालास?"

भाईंनी तोंड वळवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मान हलवत होते, कितीतरी वेळ हलवतच होते. त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "ह्या माकाय कधी बोलाक नाय." ते प्रकरण मग आपांनीच लिहिलं. काठीवर चढणारा, पाय लटपटणारा, आईला हाका मारणारा विशीतला पोरगा. भाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

पुस्तक आलं. भाई ते छातीवर ठेवून झोपायचे, असं त्यांची बायको सांगायची.

पुढच्या वर्षी आपा पायरीवरून घसरल्या आणि मुलगी त्यांना पनवेलला घेऊन गेली. निघताना त्या गाडीत बसून खाडीकडे बघत राहिल्या. मी खिडकीशी गेले तर म्हणाल्या, "रविवार मोडू नको गो." मोडला नाही. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन आम्ही त्याच ओटीवर बसत राहिलो. कणकवलीच्या गृहस्थांनी आपांच्या कविता छापायला घेतल्या, मुद्रितं आम्ही कवितेमागून कविता वाटून तपासली. आणि गेल्या थंडीत पुस्तक हातात आलं.

आपांना डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. त्यांच्यावाचूनच आम्ही जमलो. भाईंना रिक्षातून आणून खुर्चीवर बसवलं. ऊन कलतं होतं, पाणी चढत होतं. आम्ही आळीपाळीने वाचत गेलो. आखातातून नवऱ्याचा फोन येण्याची वाट बघणारी बाई त्यात होती, वाळूत उमटलेली आणि लाटेने नेलेली पावलं होती, आणि रविवारी येणारी आम्ही माणसंही होतो. मुद्रितांत प्रत्येकाने थोडंथोडंच पाहिलेलं आता सलग ऐकू येत होतं. शेवटची कविता संपली.

मी पनवेलला फोन लावला.

"भाई इले?" आपांनी आधी हेच विचारलं.

"इलेत. सगळेच इलेत."

"मग बरा झाला." त्यापुढचं त्या वेगळ्याच आवाजात बोलल्या. पहिल्यांदा ओटीवर वाचायला बसलेल्या माणसाचा असतो, तसा बारीक आवाज.

"आवाडल्यो गो?"

मी स्पीकर लावून फोन सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि म्हटलं, "सांगा त्यांना."