गाय क्रमांक एकचा शटडाऊन

गाय हे शेवटी एक मशीन आहे, असं मत मी एका कार्तिकात लेखी मांडलं होतं. खाली माझी सहीही होती.

प्लांटमधली माझी सगळी नोकरी शटडाऊनच्या नियोजनात गेली. कोणतं यंत्र कधी बंद करायचं, कशासाठी करायचं आणि उशीर झाला तर दोष कोणाला द्यायचा, हे सगळं माझ्याकडे असे. रिटायर झालो आणि बंद करायला काही उरलं नाही. (घरात पंखा बंद केला, तर बायको पुन्हा लावायची!) तेव्हा मी कुरुदच्या गोठ्याकडे लक्ष वळवलं.

कुरुदला माझा मोठा भाऊ, दादा राहतो. तोही प्लांटचाच, पण तो कामगार आणि मी ऑफिसर. घरामागे दोन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि गोठ्यात वहिनींच्या दोन गाई. पांढरी चांदी सात महिन्यांची गाभण, दूध जेमतेम दोन लिटर. लाल तांबी नुकती व्यालेली, दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर. धान कापून झाला होता, बांध्यांत लाखोळीचं कडधान्य बोटभर वर आलं होतं, आणि हिरवा चारा म्हणून मक्याचा एवढासा पट्टा शिल्लक होता. बाकी नुसती तणस, भाताचा वाळका पेंढा.

"चांदीले आता आटवा लागते, भाऊजी," वहिनी सहज म्हणाल्या. "हिरवं कमी करू, तणस टाकू, पिळणं कमी करत जाऊ. दूध आटते आपोआप."

आपोआप! हा शब्द माझ्यासमोर!

चार दिवसांनी मी तीन पानांची एसओपी, म्हणजे कामाची लेखी नियमावली, घेऊन गेलो. मुद्दा एक: खुंट्यांना क्रमांक द्यावेत. चांदीचा खुंटा एक, तांबीचा दोन. नावांमुळे भावना गुंततात, सबब गाईचा उल्लेख खुंट्याच्या क्रमांकानेच व्हावा. मुद्दा दोन: खुंटा एकवर लाल टॅग, 'शटडाऊन. हात लावू नये.' टॅग ज्याने लावला, त्यानेच काढावा. मुद्दा तीन: शटडाऊनमधली गाय तणसीच्या बाजूला बांधावी आणि दूध देणारी मक्याच्या बाजूला.

गाई राखणाऱ्या समारू राऊतच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. त्याने तिन्ही पानं हातात धरून पाहिली आणि आपल्या बोलीत विचारलं.

"गाय ला पढ के सुनाना हे का, साहेब?"

मी त्याला माफ केलं. दादाने मात्र कागद डोक्याला लावला. सही असलेल्या कागदाला त्याने आयुष्यात कधी प्रश्न विचारला नव्हता.

मी माझ्या हाताने टॅग लावला आणि दुसऱ्या दिवशी वहिनींच्या भाचीच्या लग्नाला आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि वहिनी, साकोलीला निघालो. गुडघ्यामुळे दादा घरीच राहिला.

"समारूले काही सांगू का?" वहिनींनी निघताना विचारलं.

"सगळं कागदात आहे," मी म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी दादाचा फोन आला. मांडवात बँड वाजत होता.

"मधू, एक नंबर ओरडून राहिली!"

"ओरडणारच! दूध आटताना गाय ओरडते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "एक नंबरची कास लई कडक झाली रे. समारू म्हणते, पिळू द्या."

"समारूला सांग, टॅग वाच! थानाला हात लागला की दूध पुन्हा सुरू होतं. आणि दोन नंबर?"

"दोन नंबर लाथा मारते. दूध अर्धा लिटर."

"मका कमी पडत असेल."

"मका तर एक नंबर खाऊन राहिली."

इथे मला थांबायला हवं होतं. पण समोर जिलबी आली होती आणि व्याही आग्रह करत होते. शेजारून वहिनींनी विचारलं, "काय म्हणते माझी तांबी?"

"एसओपीप्रमाणे चालू आहे," मी म्हणालो. (हे अक्षरशः खरं होतं, हीच तर पंचाईत!)

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी स्वतः समारूला फोन लावला. त्यांनी एसओपी वाचलेली नव्हती, म्हणून सरळ नाव घेतलं.

"तांबी किती दूध देऊन राहिली, समारू?"

"तांबी तो शटडाऊन म हे, मालकिन."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी फक्त ऑडिटवाल्यांचं अनुभवलंय.

झालं होतं ते असं. आम्ही निघाल्यावर समारूने मुद्दा तीन पाळला. चांदीला तणसीकडे नेलं, म्हणजे खुंटा दोनवर. तिथली तांबी मक्याकडे आली, म्हणजे खुंटा एकवर, बरोब्बर लाल टॅगखाली! टॅग हलवायला मी हवा होतो आणि मी जिलबी खात होतो. म्हणजे ऐन दुधाची तांबी अडीच दिवस न पिळता मका खात होती, आणि जिला आटवायची, ती चांदी तणस खाऊन दोन्ही वेळ पिळली जात होती. मुद्दे सगळे पाळले गेले होते. तिन्ही!

आम्ही ताबडतोब साकोलीहून गाडीने परत निघालो. राजनांदगाव आलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माहेरून आणली होती मी तिले. एक थान जरी गेलं तर पाहा, भाऊजी."

गोठ्याच्या दारात दादा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेला. आत तांबी पाय फाकवून उभी, कास दगडासारखी. वहिनी धावल्या, तर दादाने काठी आडवी धरली.

"थांब! आधी टॅग. मधू, काढ तुझा टॅग."

"अहो, गाय मरून राहिली नं माझी!"

"नियम आहे," दादा म्हणाला. "याच्याच सहीचा."

मी टॅग काढला. दोरीची गाठ मीच घट्ट मारलेली, ती सुटायला वेळ लागला. तेवढ्या वेळात वहिनींनी माझ्या शिक्षणाबद्दल जे सांगितलं, ते इथे देत नाही.

गरम पाण्याने शेकून त्यांनी पिळायला घेतलं. तीन थानांतून धार आली. चौथ्यातून आले फाटलेल्या दुधासारखे गोळे. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन टोचलं.

"अडीच दिवसांच्या मानाने पुष्कळ बरी आहे," ते हिंदीत म्हणाले. "बछडा पी रहा था क्या?"

समारूने छताकडे पाहिलं. "रस्सी ढिल्ला रहिस होही, डाक्टर साहेब."

रोज संध्याकाळी दादा चहाला गेला की वासराची दोरी ढिली होत असे! माझ्या तीन पानांत वासराचा उल्लेखच नव्हता. म्हणूनच गाय वाचली.

"चौथं थान दर दोन तासांनी रिकामं करायचं," डॉक्टरांनी सांगितलं. "कोण करणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बसलो. तांबीने मान वळवून मला पाहिलं आणि दूध वर चढवलं. चारही थानं कोरडी! मी उठून बाहेर गेलो, वहिनी बसल्या, धार सुरू. मी दारात आलो, धार बंद. डॉक्टरांनी मला तीनदा आत-बाहेर करायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशोधकाचा आनंद होता.

"जनावर घाबरलं की दूध सोडत नाही," ते म्हणाले. "पण इतकं स्पष्ट मी कधी पाहिलं नव्हतं."

आठ दिवसांत चौथं थान मोकळं झालं. वहिनींनी ते पिळून मला दाखवलं. (लांबून!) मग चांदीच्या पाठीवर हात ठेवून विचारात पडल्या.

"भाऊजी, उद्यापासून दोन्ही वेळ येत जा बरं."

"काय करू?" मी उत्साहाने विचारलं.

"काही करू नका. नुसते हिच्यासमोर उभे राहा."

चांदी चार दिवसांत आटली.