आवाजी मतदान

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत पूजेला खासदार आले, तेव्हा सगळे सेल्फीसाठी धावले. दुपारभर संसदेचं चॅनल बघणाऱ्या माझ्या सासूबाईंनी मात्र प्रसाद देता देता विचारलं, "साहेब, त्या विधेयकावर तुम्ही टीका केलीत. मग मत बाजूने दिलंत की विरोधात?"

साहेब हसले. "आजी, आवाजी मतदान झालं. कोणाचं मत काय, त्याची नोंद नसते."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी तासभर तणतणत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या सोसायटीच्या सभेत तरी वेगळं काय होतं?"

वडे थंड होतील म्हणून सगळे एका दमात 'मंजूर, मंजूर' ओरडतात, आणि त्यात माझाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

यंदा सासूबाईंनी हट्टच धरला, हात वर करा आणि नावं लिहा. पहिलाच ठराव त्यांचा होता, गच्चीवर बाग करायचा. आमचं छत आधीच गळतंय. मी विरोधात हात वर केला. एकटीनेच.

ठराव मंजूर झाला. सासूबाईंनी चष्मा लावून वहीतलं माझं नाव वाचलं आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "नीट लिहा हो. आमची सून आहे ती."